आदिवासी पाड्यांवर दीर्घकालीन काळजीचं काम सुरू करताय? ध्येयं कशी ठरवायची ते स्टेप बाय स्टेप

संस्थेत नवीन लागलेली पोरं, फेलोशिपवर आलेले, उपकेंद्रावर नुकतेच हजर झालेले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), कधी कधी ग्रामपंचायतीचे नवे सदस्यसुद्धा, सगळे एकच विचारतात, "ताई, आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत, पडून असलेली आहेत, दिव्यांग पोरं आहेत, त्यांच्यासाठी कायतरी चालू करायचंय, प्रपोजलमध्ये गोल्स काय टाकू?" दर वेळी फोनवर तेच तेच सांगून घसा दुखतो म्हणून एकदाचं लिहूनच काढतेय.

माझं काम जव्हार-मोखाड्याच्या बाजूचं. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी अशी वस्ती. त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील. नंदुरबार, मेळघाट किंवा गडचिरोलीवाल्यांनी पाड्याच्या जागी टोला म्हणा, वीटभट्टीच्या जागी ऊसतोड किंवा तेंदूपत्ता घाला, पद्धत तीच राहते.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. दीर्घकालीन काळजी म्हणजे कॅम्प लावला, बीपी मोजलं, गोळ्या वाटल्या असं नाही. लकवा मारलेला माणूस, गुडघे गेलेल्या आजी, मोतीबिंदूने दिसायचं बंद झालेले बाबा, सिकलसेलने (रक्ताचा आनुवंशिक आजार) खुब्याचा सांधा खराब झालेला पंचविशीतला पोरगा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली बाई, या सगळ्यांना रोज, महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं कुणाचा तरी हात लागतो. तो हात कुणाचा, कधी आणि किती वेळ, हे ठरवणं म्हणजे ध्येय ठरवणं. "श्रावणबाळ योजनेचा लाभ मिळवून देणे" हे ध्येय नाही, ते एक काम आहे. ते करायचंच, पण पेन्शन चालू झाली म्हणून आजी संडासपर्यंत पोचल्या असं होत नाही.

१. आधी पाड्याचं कॅलेंडर काढा, फॉर्म नंतर

ही स्टेप बहुतेक जण करतच नाहीत आणि पुढचं सगळं इथेच बिघडतं.

आमच्याकडे भात-नागली निघाली, दिवाळी झाली की पाडे रिकामे व्हायला लागतात. कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर, बाकीचे भिवंडी, वसई, कल्याणकडे बांधकामावर नाहीतर नाक्यावर. होळीला बरेच जण येतात, सण करतात, परत जातात ते पावसाच्या तोंडावरच उगवतात. म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मे पाड्यावर धडधाकट माणूस शोधावा लागतो, राहतात ती म्हातारी, लहान पोरं आणि पडून असलेली.

आता गंमत बघा, संस्थांचे सर्व्हे कधी होतात तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, कारण तेव्हा सगळे घरी सापडतात. फॉर्ममध्ये प्रश्न असतो, "घरात काळजी घेणारं कोणी आहे का?" उत्तर "हो". टिक मारली, पुढचं घर. त्याच घरात जानेवारीत गेलात तर सत्तरीच्या आजी पंच्याहत्तरीच्या आजोबांना उचलताना दिसतील.

म्हणून एक मोठा कागद घ्या, बारा रकाने पाडा, आणि संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या बायकांना विचारत भरा. या महिन्यात कोण गावाबाहेर जातं, कोण राहतं. पाणी कुठून आणता (दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा भाग, पण सगळं उतारावरून वाहून जातं आणि मार्च उलटला की विहिरी आटून टँकरची वाट बघणं सुरू). रस्ता कधी तुटतो. आवणी (भाताची लावणी) कधी. आवणीचं मुद्दाम विचारा, कारण तेव्हा घर कागदावर भरलेलं असतं पण पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत सगळे शेतात, आणि पडून असलेलं माणूस घरात एकटं.

आणखी एक, कुणी आजारी पडलं आणि गाडी येत नसेल तर बांबूला चादर बांधून डोली करून न्यावं लागतं. त्याला चार खांदे लागतात, लांब असेल तर बदलीला आणखी चार. जानेवारीत ते आठ जण पाड्यावर असतात का? हे कॅलेंडरवरच दिसेल.

२. यादी बनवा, पण ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवरून नाही

कागदावरचा नियम असा की आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, सपाटीला ५,०००. ऐकायला बरं वाटतं. पण ती ३,००० माणसं एका गावठाणात नसतात, डोंगराच्या दोन्ही अंगांना सुटे सुटे पाडे असतात, आणि लिस्टमध्ये रस्त्यालगतचे पाडे भरभरून येतात, वरचे गायब. कातकऱ्यांची वाडी तर बऱ्याचदा गावापासून वेगळीच असते, तिथे मुद्दाम जावं लागतं.

सुरुवात आशाताईंपासून करा. तीस वर्षांवरच्या माणसांचा सीबॅक फॉर्म (बीपी, शुगर अशा आजारांचा धोका बघायचा सरकारी फॉर्म) त्या भरतात, त्यात वयस्कर माणसाला रोजच्या कामात मदत लागते का असे प्रश्न असतात. मग अंगणवाडी सेविका, रेशन दुकानदार (कोण स्वतः यायचं बंद झालं ते त्याला बरोबर माहीत असतं) आणि पाड्यावरचा किराणावाला. या चौघांच्या याद्या जुळवून मग घरोघरी जा. आत जा, ओट्यावरून परत फिरू नका. मतिमंद पोर किंवा मानसिक आजाराचं माणूस कुडाच्या आतल्या खोलीत असतं आणि घरचे आपणहून सांगत नाहीत.

फक्त ६० वर्षांवरचे असा चाळणा लावू नका. सिकलसेलवाली तरुण पोरं त्यात हमखास गळतात. एक फेरी अशी मारा की यादी "म्हाताऱ्यांची" नसून "ज्याला रोज कुणाची तरी गरज लागते त्यांची" आहे हे डोक्यात ठेवून.

३. सहा कामं विचारा, मग आणखी चार

काळजीच्या क्षेत्रात जगभर सहा कामांवरून माणूस किती स्वावलंबी आहे ते बघतात: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, उठून एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाणं, लघवी-संडासवरचा ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. प्रत्येकाला ० म्हणजे स्वतः करतो, १ म्हणजे थोडी मदत, २ म्हणजे पूर्ण दुसऱ्यावर. एवढं सोपं ठेवा, लांबलचक स्केल कुणी भरत नाही.

त्यात आपली चार घाला: हंडा आणणं, चूल पेटवणं, रेशन दुकानापर्यंत जाऊन येणं, गोळ्या आठवणीने घेणं. शहरी फॉर्ममध्ये इथे "फोन वापरणं, बँकेचे व्यवहार करणं" असतं, त्यावरून पाड्यावरची निम्मी ठणठणीत माणसंसुद्धा परावलंबी निघतील.

प्रश्न भाषेतल्या बाईकडून विचारून घ्या. तुम्ही पुस्तकी मराठीत "शौचास अडचण येते का" विचारलंत तर समोरच्या आजी मान हलवून हो म्हणतील, ते हो कशाला आहे ते त्यांनाही माहीत नसतं आणि तुम्हालाही नाही. आणि लघवी-संडासचे प्रश्न पुरुष कार्यकर्त्याने सुनेच्या देखत सासऱ्याला विचारू नयेत, एवढं तरी पाळा.

फोटो आधी काढायचे नाहीत. परवानगी घ्या, आणि अंथरुणातला, अंगावर धड कपडा नसलेला फोटो परवानगी असली तरी नको. रिपोर्टला हात, काठी, ओटा यांचे फोटो पुरतात.

४. माणसालाच विचारा काय पाहिजे

एका पाड्यावर लकवा मारलेल्या आजी होत्या. कुठल्याशा संस्थेच्या फाइलीत त्यांच्या नावाने व्हीलचेअर लिहिलेली, ती आलीपण, आणि कुडाला टेकवून ठेवलेली, सीटवर नागलीचं पोतं. अंगण उतारावर, उंबरा वीतभर उंच, शेणाने सारवलेल्या जमिनीत पुढची बारकी चाकं रुतायची, चालवणार कुठे? आजींना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? म्हणाल्या, मला भाईर बसव, शेळ्या कोण सोडतं ते दिसाया पायजे. दुसरं म्हणाल्या, रातचं मुतायला जाताना सुनेला उठवाया नको.

झालं, ही दोन ध्येयं. पाड्यावरच्याच एका दादाने दारापासून ओट्यापर्यंत दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या उंचीचे बांबू रोवले, उंबऱ्याला दोन्हीकडून मातीची चढण केली. रात्रीसाठी प्लास्टिकच्या खुर्चीची सीट मधोमध कापून खाली डबा ठेवला, खुर्चीचे पाय हलू नयेत म्हणून जमिनीत थोडे गाडले. बांबू बांधावरचे, खुर्ची घरातली. चांगल्या हाताने बांबू धरून आजी ओट्यापर्यंत यायला लागल्या, एक पाय ओढतच, पण आल्या. आधीच्या फाइलीत मात्र "साहाय्यक साधन वाटप: पूर्ण" असंच होतं.

विचारताना घरच्यांचं आणि माणसाचं म्हणणं वेगळं निघतं, दोन्ही लिहा. मुलगा म्हणेल जव्हारला ॲडमिट करा, बाबा म्हणतील मला इथून हलवू नका. वृद्धाश्रमाचा विषय नवीन कार्यकर्ते फार लवकर काढतात. ज्या माणसाची शेतजमीन, देव, नातीगोती सगळं त्या दोन डोंगरांच्या मधे आहे त्याला तालुक्याच्या गावी खोलीत नेऊन ठेवणं हा शेवटचा पर्याय, तोही त्याने मागितला तर.

५. आता ध्येय लिहा: कोण, काय, कुणाच्या मदतीने, कधीपर्यंत, आणि कसं कळणार

पाच गोष्टी एका वाक्यात आल्या पाहिजेत. वाक्य लांब झालं तर होऊ द्या.

असं नको: "५० ज्येष्ठ नागरिकांना आरोग्यसेवा पुरवणे."
असं करा: "पाड्यावर पडून असलेल्या प्रत्येकाच्या घरी दिवाळी ते मे आठवड्यातून दोनदा ठरलेली बाई जाईल, टाचा, माकडहाड आणि खुबा बघेल, आणि महिनाअखेरीला एकालाही नवीन बेडसोर (पडून राहून होणारी जखम) नसेल."

असं नको: "सिकलसेलबाबत जनजागृती."
असं करा: "सिकलसेलच्या पोरांची हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडची गोळी कामावर गेल्यावरही चुकणार नाही, निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलून पुरेशा गोळ्या आणि कार्ड सोबत, भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्याचं नाव कार्डाच्या मागे, होळीला आल्यावर उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि रक्ततपासणी करून घ्यायची."

असं नको: "काळजीवाहकांचे सक्षमीकरण." याचा अर्थ मला आजपर्यंत कळलेला नाही.

इथे एक गोष्ट नवीन लोकांना जड जाते. प्रत्येक ध्येय सुधारणेचं नसतं. तीन प्रकार करा: सुधारणा होईल असं (मोतीबिंदूचं ऑपरेशन, लकव्यानंतर पहिल्या काही महिन्यांत करायचे व्यायाम), आहे ते टिकवायचं असं (गुडघे, संधिवात), आणि आराम द्यायचा असं (शेवटचा आजार). तिसऱ्या प्रकारात "चालायला लागेल" लिहून ठेवलंत तर घरच्यांना खोटी आशा आणि तुम्हाला दर महिन्याला फेल शेरा. तिथे लिहायचं, "रात्री झोप लागेल एवढं दुखणं कमी, तोंड कोरडं पडणार नाही, पाठीला जखम नाही." अशा आराम देणाऱ्या काळजीला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, तिचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. तुमच्या जिल्ह्याच्या हॉस्पिटलात त्याचं युनिट कुठे बसतं, मॉर्फिन लिहून देणारा डॉक्टर कोण, हे वेळ यायच्या आधी शोधून ठेवा, कारण कॅन्सरच्या दुखण्याला साधी पेनकिलर पुरत नाही.

केरळात मलप्पुरमकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चालवलेलं पॅलिएटिव्ह केअरचं जाळं आहे, २००८ ला त्या सरकारने धोरणसुद्धा केलं. सगळ्या ट्रेनिंगमध्ये त्याचं उदाहरण देतात. शेजाऱ्यांना शिकवायची आयडिया जरूर उचला, पण त्यांचं भेटींचं वेळापत्रक कॉपी करू नका. आपल्याकडे रस्ते तसे नाहीत आणि शेजारीच सहा महिने भट्टीवर असतो.

६. सांभाळणाऱ्या बाईचं ध्येय वेगळं लिहा

मुद्दाम बाई म्हणतेय. सून, लेक, बायको, नाहीतर शाळा सोडून घरी बसवलेली नात. पुस्तकात लिहिलेलं असतं पडून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलायला लावा. बरोबर आहे ते. पण एप्रिलमध्ये तीच बाई पहाटे उठून पाण्याला गेलेली असते, आल्यावर भाकऱ्या, मग लाकडं, मग मजुरी असेल तर मजुरी. दोन तासांचा नियम तिला सांगितला की ती फक्त मान खाली घालते.

तिचा दिवस तासातासाने लिहून काढा आणि मग ठरवा कुठला तास मोकळा करता येतो. एका घरापुरता टँकरचा एक ड्रम दारापर्यंत पोचवायचं पोरांनी ठरवलं तर तिचे दोन तास सुटतात, आणि ते दोन तास कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा जास्त कामाचे. ध्येय असं: "मार्च ते जून या घरचं पाणी पाड्यावरची पोरं पाळीपाळीने आणतील, बाई त्या वेळात अंघोळ घालेल आणि स्वतः तासभर आडवी होईल." हो, आडवी होईल हेसुद्धा लिहायचं. नात शाळेतून काढली असेल तर ती परत शाळेत किंवा आश्रमशाळेत जाईल हे वेगळं ध्येय.

आणि तिला उचलायची रीत दाखवा, कमरेत वाकून नाही, गुडघ्यात बसून, माणसाला आपल्या अंगाजवळ घेऊन. नाहीतर वर्षभरात तिचंच नाव यादीत येतं.

७. कागदपत्रं: हे गोळा करा, इथे अडकाल

एका पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कुडाला नाही तर पत्र्याच्या पेटीत (उंदीर आणि पाऊस):

- आधार, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र
- बँक किंवा पोस्टाचं पासबुक, आधार जोडलेलं
- तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला
- वयाचा पुरावा
- विधवा असेल तर नवऱ्याचा मृत्यूचा दाखला
- दिव्यांग असेल तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र)
- दवाखान्याचे जुने कागद, एक्स-रेसकट
- पासपोर्ट फोटो, जरा जास्तच काढून ठेवा

६५ च्या आत असलेल्या निराधार, विधवा, दिव्यांग वगैरेंसाठी संजय गांधी निराधार, ६५ आणि वर श्रावणबाळ. महिन्याची रक्कम २०२३ ला हजारावरून १,५०० झाली, दिव्यांगांना २०२५ च्या निर्णयाने २,५००. सर्वसाधारण उत्पन्न मर्यादा वर्षाला २१,००० आहे, जी आजच्या काळात हास्यास्पद आहे पण आहे, त्यामुळे दाखल्यावरचा आकडा अर्ज करायच्या आधी वाचा. सत्तरीच्या वरच्यांना २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंत उपचार, पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावर, घरच्या काळजीला त्यातला एक रुपया नाही. मुख्यमंत्री वयोश्रीचे ३,००० एकदाच मिळतात, चष्मा-काठी-कमरेचा पट्टा यासाठी, ६५ च्या वर.

नेहमीचे सापळे:

वय. आधारवर अर्ध्या पाड्याची जन्मतारीख १ जानेवारी, आणि वर्ष अंदाजपंचे टाकलेलं. सत्तरीचे बाबा कागदावर अठ्ठावन्नचे. मतदार यादीतलं वय बघा, नसेल तर ग्रामीण रुग्णालयातून वयाचा दाखला काढा. हे काम अर्जाच्या आधी करायचं, अर्ज परत आल्यावर नाही.

ओटीपी. मोबाइल नंबर मुलाचा दिलेला असतो आणि मुलगा भिवंडीला. केवायसी करायला माणूस केंद्रात बसलाय, ओटीपी तिकडे गेला, फोन लागत नाही. पाड्यावर कायम राहणाऱ्या माणसाचा नंबर द्या, पण कुणाचा ते घरच्यांना ठरवू दे, कारण पैशाचा मामला आहे आणि पेन्शनमधून कमिशन खाणारे मध्यस्थ तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटतील.

अंगठा. आयुष्यभर लाकूड-दगडाचं काम केलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. डोळ्यांच्या स्कॅनरची सोय कुठे आहे ते आधी विचारून मगच माणसाला गाडीत घाला.

हयातीचा दाखला. दरवर्षी लागतो, दिला नाही की पेन्शन गुपचूप बंद. ही तारीख स्टेप एकच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

सिकलसेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात सिकलसेल आहे, हे बऱ्याच ऑफिसात माहीत नसतं किंवा माहीत असून सांगत नाहीत. नुसता सिकलसेल आहे एवढ्यावर पेन्शन मिळत नाही, मेडिकल बोर्डाकडून दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते आणि बहुतेक लाभांना किमान ४० टक्के लागतात, म्हणून भरती झाल्याचे, रक्त चढवल्याचे कागद फेकू नका.

८. ग्रामसभेत मांडा

संस्थेचा प्रोजेक्ट दोन-तीन वर्षांत संपतो. नंतर चालू राहायचं असेल तर ग्रामसभेच्या ठरावात यावं लागतं. पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी (कशावर खर्चायचा ते गावाने ठरवायचा पैसा) थेट पेसा ग्रामपंचायतींना येतो. त्याच्या खर्चाच्या विषयांत आरोग्य आहे, पण प्रत्यक्षात पैसा समाजमंदिर आणि पेव्हर ब्लॉककडे पळतो कारण आरोग्याचं कोणी लिहून मागत नाही. शिवाय ग्राम आरोग्य समितीला वर्षाला १०,००० पर्यंतचा अबंध निधी असतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी, हेही मागा, पण आपल्या पंचायतींचं स्वतःचं उत्पन्न ते केवढं, त्यामुळे त्यावर बजेट उभारू नका.

तारीख बघून जा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला ज्यांच्या घरचा विषय आहे ते भट्टीवर असतात. १५ ऑगस्टला विषय मांडायचा, २ ऑक्टोबरला आराखड्यात घुसवायचा. आदल्या दिवशीच्या महिला सभेत आधी बोला, तिथे विषय पटकन पकडतात.

ठरावाची भाषा मोघम नको. "वृद्धांसाठी योग्य ती उपाययोजना करण्यात यावी" असा ठराव झाला म्हणजे काहीच झालं नाही. असं लिहून घ्या: "पाड्यावरील अमुक घरांच्या संडासाला कठडा व चढण करणे; वॉकर, काठ्या, कमोड खुर्च्या व एक स्ट्रेचर पाड्यावर ठेवणे व त्याची नोंदवही आरोग्य समितीने ठेवणे; नोव्हेंबर ते मे दोन सोबतिणींना (पाड्यावरच राहून या घरांना भेटी देणाऱ्या बायांना) मानधन देणे." मानधनावर ग्रामसेवक अडकवतील, नियमात बसत नाही म्हणतील, तेव्हा भांडत बसू नका, वस्तू आणि बांधकाम निधीतून घ्या आणि मानधन सुरुवातीला संस्थेकडून काढा.

९. काम कुणाचं ते नावासकट

सोबतीण हे नाव आम्ही ठेवलं, पाड्यावरच राहणारी, स्थलांतर न करणारी बाई. सगळं आशाताईंवर टाकायचा मोह होतो, टाकू नका. त्यांना आधीच बाळंतपणं, लसीकरण, क्षय, कुष्ठ, दहा प्रकारचे सर्व्हे, आणि पैसे कामावारी. त्यांचं काम यादी अपडेट करणं आणि सीएचओला कळवणं एवढंच धरा. बीपी-शुगरच्या गोळ्या आणि जखमेचं ड्रेसिंग सीएचओकडे.

भगताला (पाड्यावरचा देवऋषी-वैदू) सोडून प्लॅन करू नका. घरचे आधी त्याच्याकडेच जाणार, तुम्हाला आवडो न आवडो. त्याच्याशी बसून तीन गोष्टी ठरवा: अचानक तोंड वाकडं झालं, हातपाय गळाला किंवा जखमेला वास आला तर त्याने त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं, त्याचं जे काय करायचं ते नंतर किंवा सोबत. बहुतेक भगत ऐकतात, त्यांचा मान ठेवलात तर. भाषण द्यायला गेलात तर पाडाच तुमच्याशी बोलायचा बंद होतो.

प्रत्येक घराच्या कार्डावर नाव, तिच्या गैरहजेरीत दुसरं नाव, आणि नंबर: १०८, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, मानसिक त्रासासाठी १४४१६. रेंज कुठल्या टेकाडावर येते तेही लिहा, हसू नका, लागतं.

१०. आढावा वर्षातून तीनदा

दर महिन्याला मिटिंग घ्यायचं ठरवाल आणि दोन महिन्यांत बंद पडेल. तीन पुरतात. दिवाळीच्या आधी, लोक निघायच्या आत: कोण मागे राहतंय, कुणाच्या भरवशावर, गोळ्या-रेशन-पाणी. होळीला, मुलं घरी आलेली असताना: सहा कामांचे आकडे परत घ्या, वाढले की घटले, आणि मुलांशी समोरासमोर बोला. जूनमध्ये, रस्ता तुटायच्या आत: डोलीची माणसं, छपरावर ताडपत्री, पडून असलेल्याच्या अंगाखाली ओल येतेय का.

आकडा वाढला म्हणजे तुम्ही नापास असं नाही, वय वाढतं. पण बेडसोर झाला, पेन्शन बंद पडली, गोळ्या संपून पंधरा दिवस झाले आणि कुणाला कळलंच नाही, हे नापास. ते कुठे सुटलं ते नाव घेऊन विचारा आणि ध्येय बदला. ध्येय बदललं म्हणून फंडर रागावतो असं नवीन पोरांना वाटतं. कारण आणि तारीख लिहिली असेल तर सहसा नाही रागावत.

माणूस गेलं तर दहाव्या-बाराव्यानंतर घरी जा, त्याआधी कागद घेऊन जाऊ नका. पेन्शन आणि रेशनमधलं नाव कमी करायला मदत करा, नाहीतर पुढे वसुलीची नोटीस त्या सुनेच्या नावाने येते. वॉकर आणि खुर्ची धुऊन, ऊन दाखवून पाड्याच्या नोंदवहीत परत जमा. सांभाळणाऱ्या बाईचं नाव मात्र यादीतून लगेच काढू नका, निदान पुढच्या आढाव्यापर्यंत तिच्याकडे सोबतीण जात राहू दे. आणि दिवाळीच्या आधीची ती मिटिंग कुठल्याही कारणाने पुढे ढकलू नका, नंतर पाड्यावर मिटिंगला कोणी सापडत नाही.